दोडक्याचा मांडव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीबाही मागत बसायचे. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आधीच सांगून ठेवते, सुलभा मला तेव्हा आवडत नव्हती आणि आजही आवडत नाही. पश्चात्तापानं माणूस मऊ होतो म्हणतात. मी झाले नाही.

सुलभा माझी धाकटी जाऊ. नव्वदनंतरची गोष्ट, पारनेरजवळच्या एका गावात आम्ही एकाच घरात नांदत होतो. ती नेवाशाकडची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. आमच्याकडे पाणी म्हणजे हंडा-कळशीचा हिशेब. तरी आली ती आली, आणि चर काढून मोरीचं सांडपाणी परसात वळवलं तिनं. पुढच्या फाल्गुनात मोगऱ्याला कळ्या, शेवगा फुलांनी पांढरा, गावात कुणाकडे नव्हती तेव्हा आमच्याकडे कोवळी काकडी. आणि दोडक्याचा मांडव — रोज संध्याकाळी पिवळ्या फुलांनी उजळायचा. त्याच परसात इतकी वर्षं माझ्या हातून काय उगवलं होतं? घाणेरीची झुडपं, नि त्यांच्यावर वाळत घातलेली फडकी.

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, येईल-जाईल त्याला परस दाखवायला न्यायच्या. मागं मी चहा टाकायचा.

त्या मांडवाच्या काठीला फुलचुखीनं घरटं लोंबवलं. अंगठ्याएवढं पाखरू, पण त्याचे लाड काय सांगू! एकदा पाहुणे आले म्हणून मी दोडके तोडायला गेले, तर सुलभा सगळ्यांदेखत म्हणाली, "आक्का, पिल्लं उडूस्तवर मांडवाला हात नका लावू. मी देते काढून." आणि आत्याबाई हसत म्हणाल्या, "व्हय गं थोरले, तू लांबच ऱ्हा. तुजा हात लागला की हिरवं बी वाळतंय."

पाहुणेही हसले. एवढंच झालं. एवढ्यासाठी कुणी असं करतं का? हो. मी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या होत्या. आत्याबाई देवळात, सुलभा धुणं घेऊन विहिरीवर. बंबात पाणी उरलं होतं, नुसतं खळखळत होतं. मी बादली भरली आणि दोडक्याच्या बुडाशी ओतली. परत आले, परत भरली. वर घरट्यात पिल्लं चिवचिवत होती. मला ऐकू आलं नाही असं म्हणणं किती सोपं आहे — पण येत होतं.

वेलानं मान टाकली. पानं करपली, आडोसा गेला, घरटं उघडं पडलं. आणि मग कावळा आला. सुलभा खाली उभी राहून पदर हलवत ओरडत होती, आणि तो एकेक पिल्लू ओढून नेत होता. आम्ही सगळ्या ओसरीतून धावलो.

"आसा कसा जळाला गं येल एकाएकी?" आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. मला विचारलं नव्हतं त्यांनी. गप्प बसता आलं असतं की नाही? पण मी म्हणाले, "कावळा शिवला असताना बी रोज पानी घालती ती. सावली पडनारच की."

पाळी आली की आमच्याकडे कावळा शिवला म्हणतात. पूर्वी अशा बाईनं गोठ्याच्या पडवीत बाजूला बसायचं. तिची सावली पडली तर वेल जळतो, लोणचं नासतं, असं मानायचे. हे खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं — लग्न होऊन आले तेव्हा जेवण सोडून, भांडून मीच ते या घरातून बंद पाडलं होतं. दहावी झालेली सून म्हणून गावात मिरवलेही होते. जे मढं मी गाडलं, ते मीच उकरून काढलं.

आत्याबाईंनी वर पाहिलं. कावळा काठीवर बसून रिकामं घरटं टोचत होता. "ह्यो बघा," त्या किंचाळल्या, "शिवलेला कावळाच आला की येलावर!" झालं. मी न शोधताच त्यांना पुरावा मिळाला.

त्या महिन्यापासून पडवीतलं गोणपाट आणि वेगळं ताट परत सुरू झालं. सुलभा भांडेल, असं मला वाटलं होतं. ती भांडली असती तर मी खरं बोलले असते — नाही, हेही खोटं. मी बोलले नसते. पण तिनं ते मनापासून मानलं. पिल्लं आपल्यामुळं मेली, असं धरून बसली. पुढं ती परसात गेलीच नाही, महिन्याच्या कुठल्याच दिवशी. तिचा मोगरा डोळ्यांदेखत वाळला. मला बरं वाटलं, तेही सांगून टाकते.

आणि मी? नियम आला तो दोघींना आला. आत्याबाईंनी मलाही बसवलं, आणि आता कुठल्या तोंडानं भांडणार होते मी? एका महिन्यात आम्ही दोघी बरोबरच बाजूला बसलो, एकाच पडवीत. मला ती शेजारी नको होती. तिचं ते मुकाट बसणं तर अजिबात नको होतं. मी तोंड फिरवून बसले. तर ती सरकत जवळ आली, माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "आक्का, तुमी बंद केल्तं हे समदं. माज्यापायी तुमालाबी बसावं लागतंय. चुकलं माजं."

मी पाय मागं घेतले नाहीत.

"आसू दे," मी म्हणाले. "हितनं फुडं तरी जपत जा." असं म्हणून मी तिला माफ केलं.