एकाच पोटातले दोन डॉक्टर

जे आजवर कोणालाही सांगितलं नाही, ते आधीच सांगून टाकतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाईंनी मला चिनी काढ्याचा एक थेंबही कधी दिला नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे याच्या उलट समजतात, माझी बायकोही. तसं समजायला जागा होती. कारण स्वतःच्या आतड्यांबद्दल इतक्या मोकळेपणाने, इतक्या प्रेमाने आणि इतक्या मोठ्या आवाजात बोलणारा दुसरा माणूस दुबईतल्या आमच्या अख्ख्या अल कुसैसमध्ये नव्हता.

भाई रत्नागिरीकडचे. शारजाच्या रोल्ला भागात त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. बायको गावी, मुली आपापल्या घरी, आणि इथे ते एकटे. आमची ओळख बिल्डिंगमध्ये व्हायला हवी होती, पण झाली पोटाच्या डॉक्टरकडे, वेटिंग रूममध्ये. दोघांनाही एकच दुखणं होतं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला सूज, जखमा, रक्त, आणि दिवसातून किती वेळा धावावं लागेल याचा भरवसा नाही. मी तोंडासमोर मासिक धरून बसलो होतो. भाईंनी ते बोटाने खाली केलं आणि भरल्या खोलीत विचारलं, "तुला पण रक्त जातं काय रे?"

आमच्या घरी पोट हा विषय बोलायचा नसतो. पुण्याला आईसमोरही मी फक्त 'जरा बरं नाही' एवढंच म्हणत आलो. जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या ऑफिसात मला मायग्रेन आहे असं सांगितलेलं होतं, त्यामुळे मी टॉयलेटमधून परत आलो की लोक माझ्यासाठी दिवे मंद करायचे. भाईंचं सगळं उलटं. अल कुसैसहून रोल्लाला जायचा रस्ता ते टॉयलेटांवरून सांगत. अमुक पंपाशी उजवीकडे, तिथलं स्वच्छ आहे. मग मशिदीपर्यंत सरळ, तिथे गर्दी नसते. पुढचा मॉल नको, तिथे दुसऱ्या मजल्यावर चढावं लागतं, तोपर्यंत खलास. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने हा पत्ता लिहून घेतला आणि बिनचूक पोहोचला.

मोठ्या डॉक्टरच्या, म्हणजे हॉस्पिटलमधल्या मल्याळी डॉक्टरच्या, गोळ्या भाई नेमाने घेत. जोडीला इंटरनॅशनल सिटीतल्या एका चिनी बाईंचा काढा. बाई वयस्कर, नाडी बघणार, जीभ बघणार, मग साली, मुळ्या, वाळक्या फुलांची पाकिटं बांधून देणार. त्यातली एक पिवळी मुळी इतकी कडू की भाई म्हणायचे, आमच्या सासूबाई ह्यापुढे गुळाची ढेप. बाईंकडून जीभ बघायचं खूळ मात्र त्यांनी घरी आणलं. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की, "जीभ दाखव." आमच्या नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, सकाळी झाडू हातात घेऊन जीभ बाहेर काढून उभं राहायची सवयच लागली होती. माझ्या मुलीने एकदा "इट्स ग्रॉस, चाचा" म्हणत नकार दिला, तर हे म्हणाले, रंग कळला, बोलताना दिसली.

काढा उकळायला लागला की वास एसीच्या डक्टमधून चारही मजल्यांवर जायचा. जुनी लाकडं, ओली माती आणि जळलेला ज्येष्ठमध. तक्रारी झाल्या. भाई प्रत्येक दार वाजवून स्वतःच सांगून आले की वास माझा आहे, औषधाचा आहे, आणि काढा कोणाला प्यायचा असेल तर मिळणार नाही.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. ते एका डॉक्टरपासून दुसरा डॉक्टर लपवत नसत. पहिल्याच महिन्यात काढ्याचं पाकीट घेऊन ते मोठ्या डॉक्टरसमोर बसले. डॉक्टर साहजिकच नाराज झाले. म्हणाले, यात काय काय आहे मला माहीत नाही, लिव्हरला त्रास होऊ शकतो, आणि याने फायदा होतो म्हणायला पक्का पुरावा माझ्याकडे नाही. भाईंनी तिथेच बाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. इकडे मल्याळी इंग्रजी, तिकडे चिनी, मध्ये बाईंची मदतनीस मुलगी मोडकी हिंदी बोलणारी, आणि टेबलापाशी भाई, सोयरीक जुळवायला बसल्यासारखे. डॉक्टरांनी एका मुळीला हरकत घेतली, बाईंनी कुरकुरत ती काढली. ठरलं ते असं, की गोळी एकही बंद करायची नाही, रक्ताची तपासणी चुकवायची नाही, आणि काढ्यात काही बदललं तर आधी सांगायचं. मी नंतर म्हटलं, भाई, एवढा तमाशा कशाला? ते म्हणाले, "अरे बाबा, हे दोघं माझ्या पोटात भेटणारच आहेत. मग ओळख बाहेरच करून दिलेली काय वाईट?"

रमजानमध्ये डॉक्टर आणि बाई, दोघांनीही भाईंना रोजा मना केला होता. एरवी सगळं जगजाहीर करणारा हा माणूस त्या महिन्यात मात्र खाली मान घालून वावरायचा. रिकाम्या घरात एकट्याने दुपारी खाणं त्यांना जड जाई. म्हणून ते आमच्याकडे येत. बायको आम्हा दोघांसाठी मऊ भात आणि ताक करायची, मिरची न घालता. दार उघडताना ती विचारायची, भाई, जेवलात का? ते म्हणायचे, तू विचारतेस म्हणून जेवतो बेटी. तिचे वडील लवकर गेले. भाईंशी ती जशी हसायची तशी दुसऱ्या कोणाशी हसताना मी पाहिली नाही.

भाईंना बरं वाटत होतं. काढ्याने, गोळ्यांनी की दोन्हींनी, हे मोठा डॉक्टरही सांगू शकला नाही. मला मात्र उतार पडत नव्हता. मी भाईंकडे काढा मागितला. त्यांनी चक्क नाही म्हटलं. माझी जीभ वेगळी, तुझी वेगळी, बाईंकडे चल, पण आधी मोठ्या डॉक्टरला सांग. सांगणं हेच तर मला जमत नव्हतं. मी एकटाच चिनी बाजारात गेलो, एका दुकानातून पोटासाठीचं म्हणून तयार पाकीट उचललं, आणि बायको शाळेत शिकवायला गेली की ते उकळायला लागलो. वासाची काळजी नव्हती. समोर भाई होतेच. आठ-दहा दिवस बरं वाटलं, तेव्हा गोळ्याही माझ्या मनाने कमी केल्या.

पुढचं सांगायला नको. रक्त सुरू झालं, लिव्हरचे आकडे बिघडले, मला ॲडमिट केलं. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही घेत होतात का? पलंगाशी बायको उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर मी म्हणालो, "समोरच्या भाईंनी काढा दिला होता."

ती तिथून थेट त्यांच्या दारात गेली. काय काय बोलली ते तिनेच मला नंतर सांगितलं, रडत. तुमच्यावर विश्वास ठेवला, तुम्ही त्याच्या जिवाशी खेळलात, असं. भाई चौकटीला धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "हो बेटी, माझी चूक झाली."

त्याच संध्याकाळी ते हॉस्पिटलमध्ये आले, बायको घरी असताना. बसले नाहीत.

"खरं काय घेतलंस?"

मी पाकिटाचं सांगितलं.

"माझं नाव घेतलंस, घे. पण डॉक्टर माझा काढा समजून इलाज करतोय आणि तुझ्या पोटात भलतंच आहे. हे कसं चालेल रे? यल्ला, चल, पाकिटाचा फोटो त्याला आत्ता पाठव. बेटीला सावकाश सांगितलंस तरी चालेल."

मी फोटो पाठवला. डॉक्टरांनी पाकिटात काय होतं एवढंच विचारलं, कोणी आणलं ते विचारलं नाही. मी बरा झालो. आणि 'सावकाश' हा शब्द मी धरून बसलो.

पुढच्या रमजानात दुपारी आमच्या दाराची बेल वाजली नाही. समोरचं दार बंद असायचं, आतून भांड्याचाही आवाज नसायचा. बायको माझ्यापुरता भात करायची, आणि तरी हात चुकून तो दोघांना पुरेल एवढा व्हायचा. उरलेला ती फ्रिजमध्ये ठेवायची. त्याच वर्षी भाईंनी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. कायमचं गावी जायच्या दिवशी ते निरोप घ्यायला आले. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, मला पोटाचं विचारलं, आत स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. बायको बाहेर आली नाही. बेटीला सलाम सांग, म्हणाले. तिला ते ऐकू गेलं होतं.

आता समोर एक तरुण जोडपं राहतं. डक्टमधून पॉपकॉर्नचा वास येतो, कोणी तक्रार करत नाही. लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे पाहत नाही. कधी कधी जेवताना बायको मध्येच म्हणते, "कसे असतील रे भाई? माणूस सोन्यासारखा, तुझ्या बाबतीत तेवढे चुकले." मी पुढचा घास घेतो. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. तिकडे सगळं ठीक आहे असं ऐकतो. गावात आता ते कोणाकोणाची जीभ बघत असतील, आणि टॉयलेटांवरून सांगितलेला त्यांचा जिल्ह्यातला पत्ता कसा असेल, याचा विचार करताना मला हसू येतं आणि मग कुठेतरी जाऊन बसावंसं वाटतं.

हे छापून आलं की बायको वाचेलच. पण तिने वाचणं वेगळं आणि मी तिच्यासमोर बसून सांगणं वेगळं. भाईंचं मी देणं लागतो ते एवढंच, की तिने फोन करून त्यांना विचारावं, भाई, जेवलात का? त्यासाठी आधी मला तिला खरं सांगावं लागेल. ते मी अजून केलेलं नाही.