सातेरीची पाटी

लग्न होऊन मी मुंबईला निघाले त्या दिवशी तिठ्यावर एसटी तासभर उशिरा आली. त्यामुळे एकदा रडून झालं, डोळे पुसून झाले, परत रडून झालं, तरी गाडीचा पत्ता नाही. शेवटी बाबा वैतागले. "पुरे झाला आता. एसटी येय्सर डोळ्यांत पाणी उरूचा नाय," म्हणाले. आई हसली, मग मीही हसले. गाडी आल्यावर ट्रंक टपावर चढवायला बाबा स्वतःच वर गेले, कंडक्टरला हात लावू दिला नाही. खाली उतरून खिडकीशी आले आणि एवढंच बोलले, "खंयव ऱ्हव, पण आपलो माणूस दारात इलो तर उपाशी धाडू नको."

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून इकडे आलेल्यांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितेय. बाबांना जाऊन वर्ष झालं. काही गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, काही अर्धवट माहीत आहेत. अर्धवट माहितीने काय वाट लागते ते मी पाहिलंय.

आमचे हे, मनोहर, तेव्हा एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होते. पुढे चेंबूरहून मानखुर्दकडे जाताना, देवनार डेपोच्या अलीकडे एक गाळा मिळाला आणि आम्ही दोघांनी खानावळ काढली. नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. बाबांनी आमच्या ग्रामदेवीपुढे, सातेरीपुढे, कौल लावला, उजवा कौल झाला, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पोस्टातून फोन केला, "आई हो म्हणाली." सातेरी भोजनालय. पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात देवीचा कळस. पाटीचा फोटो काढून गावी पाठवला. बाबांनी तो फ्रेम करून ओटीवर लावला, देवांच्या फोटोंच्या रांगेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पाटी मात्र त्यांनी स्वतः कधी पाहिली नाही. आधी शेती, मग गुरं, मग आईचं आजारपण. "एकदा येवन डोळ्यांनी बघतलंय," हे वाक्य मी वीस वर्षं ऐकलं. मीही दर वेळी म्हणायचे, या की बाबा, मी स्वतः न्यायला येते. म्हातारपणात त्यांना दुसरं काही नको होतं. देवीचं नाव आपल्या पोरीच्या दारावर लागलंय, ते बघायचं होतं.

खानावळ झकास चालली. कुणाच्या मुलाखतीला, कुणाच्या दवाखान्याला गावचं माणूस आलं की पहिलं जेवण आमच्याकडे. पत्ता विचारायची गरज नाही. डेपोजवळ उतरायचं, सातेरी कुठे म्हणायचं, शेंबडं पोरही दाखवायचं.

मग दिवस फिरले. आमच्या बाजूच्या कंपन्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, टॉवरमधली माणसं जेवण फोनवरून मागवायला लागली. लॉकडाऊनने तर उरलीसुरली हवा काढली. बांगड्याच्या थाळीवर गाळा चालेना. ह्यांनी परमिट रूमचं लायसन घ्यायचं ठरवलं. मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. माझा काका, बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, दारूने गेला होता. तेव्हापासून बाबा लग्नाच्या पंक्तीतही कुणाच्या तोंडाला वास आला तर ताटावरून उठायचे. पण मुलाचं, निनादचं, कॉलेज चालू होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, घ्या. पण गावात कळता कामा नये.

तिथे पहिली चूक झाली.

दारूच्या धंद्याची एक गंमत आहे. विकायला परवानगी, सांगायला बंदी. दारूच्या कंपनीचा पोरगा टाय लावून आला, लायटिंगवाला बोर्ड फुकट देतो म्हणाला. बोर्डावर सोड्याचं नाव. आता तो सोडा या जन्मात कुणी प्यायलाय? पण नाव बाटलीवरचंच, रंग तोच, बघणाऱ्याला कळायचं ते कळतं. उत्पादन शुल्क खात्याचा माणूस तपासणीला आला. बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, मला पण सोडा आवडतो. उतरवा तो." उतरवला. निनादने फोनवर ग्लासचा फोटो टाकून शनिवारची ऑफर लिहिली, त्याचीही नोटीस आली. रस्त्यावरून आतलं काही दिसू नये म्हणून काचेवर काळी फिल्म आणि दाराला जाड निळा पडदा लावला. ज्या दारात पूर्वी सोलकढीचं पातेलं ठेवून मी लोकांना हाका मारायचे, त्या दारात आता आत काय आहे हेच कळेना. आमच्या लाइनीतले दोन बार असेच बसले. फॅमिली लोक पडदा बघून पुढे जातात, आणि पिणाऱ्याला तुम्ही आहात हे सांगायची सोय नाही.

तरी खरं सांगते, कायद्याला मी शिव्या घालत नाही. पोरांच्या डोळ्यांपुढे बाटल्या नाचवू नयेत हे मलाही पटतं. काका आठवला की पटतं. राग येतो तो सोड्याच्या बोर्डांचा. मोठ्यांना पळवाटा, आम्हाला पडदा.

मग नियम आला नावांचा. देवदेवतांची, महापुरुषांची, किल्ल्यांची नावं दारूच्या दुकानाला चालणार नाहीत. वाचून ह्यांचं तोंड उतरलं. माझं मन म्हणालं, बरोबरच आहे की. देवीच्या नावाखाली पेग भरताना रोज सकाळी अगरबत्ती फिरवायला मला लाजच वाटायची. लायसन सोडायचं किंवा नाव सोडायचं, एवढाच प्रश्न होता. पोटाने नाव सोडलं.

आता आमच्याकडे रीत अशी की देवीला विचारून लावलेलं नाव देवीला विचारूनच उतरवायचं. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि गाऱ्हाणं काही कानात सांगत नाहीत. देवळात उभं राहून गावासमोर मोठ्याने घालतात आणि प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. म्हणजे बाबांच्या देखत सगळं उघड झालं असतं. दारूचं लायसन घेतलं, म्हणून तुझं नाव काढतो. व्हय म्हाराजा! मला नुसत्या विचाराने घाम फुटला. आम्ही देवीला विचारलंच नाही. एका सोमवारी दुपारी ह्यांनी शिडी लावून पाटी उतरवली. मी ती माझ्या जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवली, हात जोडले आणि भांडी घासायला बसले. नव्या पाटीवर निनादने सुचवलेलं नाव आलं, ब्ल्यू वेव्ह. त्याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही, म्हणूनच बरं.

त्यानंतर बाबा "येतंय" म्हणाले की मी कारणं सांगायचे. इकडे ऊन फार आहे. इकडे पाइपलाइनचं काम निघालंय. कचऱ्याच्या डम्पिंगला आग लागलीय, धुराने तुम्हाला खोकला होईल. ही आग खरी होती, बाकी सगळं खोटं. मनात म्हणायचे, पुढच्या वर्षी काहीतरी करू. आणि एके दिवशी ते "येतंय" म्हणायचे थांबले. मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं हो. लिहितानाही लाज वाटते, पण हायसं वाटलं.

त्याच सुमारास गावाहून गोणी यायला लागल्या. उकडे तांदूळ, नारळ, कुळथाचं पीठ, सोलं. दर महिन्याला खासगी बसने, सुतळीने आवळून, वर बाबांच्या अक्षरात माझं नाव. पूर्वी वर्षातून एकदा यायचं, ते आता दर महिन्याला. मी फोनवर चिडायचे. बाबा, नका ना पाठवू, ठेवायला जागा नाही इकडे. ते म्हणायचे, "असांदे घरात." आणि मग प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, "सगळी जेवलात मा?" काय हा प्रश्न, यार! हॉटेलवाल्याच्या बायकोला विचारतात जेवलात का म्हणून. मी हसण्यावारी न्यायचे. त्या नारळांच्या कातळ्या करून आम्ही गिऱ्हाइकांना चखण्यात दिल्या.

गेल्या वर्षी बाबा गेले. झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही. बारावा झाल्यावर शेजारचे दाजीकाका ओटीवर माझ्याजवळ येऊन बसले. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. "सुलू, आता सांगूक हरकत नाय," म्हणाले, आणि सांगितलं.

पाटी उतरवल्यानंतर काही महिन्यांनी दाजीकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन चेंबूरला होतं. सोबत म्हणून बाबा आले होते. मला कळवलं नाही, मला चकित करायचं होतं. काकांना दवाखान्यात बसवून दुपारी तीनच्या सुमारास बाबा धुतलेला सदरा घालून, रिक्षा करून, डेपोजवळ उतरले. पिशवीत देवीचा अंगारा होता. सातेरी, सातेरी करत दोनदा रस्ता इकडून तिकडे चालले. आमच्या शेजारचा पानवाला नवीन, त्याला काय माहीत. "वो खानावळ तो बंद हो गया, बाबा. अभी इधर बार है," म्हणाला. बाबांनी पाटी वाचली, पडदा बघितला. बारच्या पायरीवर ते कसे चढतील? समोरच्या बसस्टॉपच्या बाकावर बराच वेळ बसले, म्हणे. मग परत दवाखान्यात गेले.

काकांकडे माझा नंबर होता. ते फोन लावत होते, तर बाबांनी हात धरला. "सुलूचा दुकान बंद पडला. सांगूक लाज वाटली असतली तिका. तू काय विचारू नको."

आम्ही उपाशी मरतोय असं वाटून तो माणूस चार वर्षं तांदूळ पाठवत राहिला. आणि त्या दुपारी मी कुठे होते? पडद्यामागे. बाकापासून वीस पावलांवर मोरीत बसून संध्याकाळचे बांगडे साफ करत होते. दारात आलेला आपला माणूस उपाशी धाडू नको म्हणणारा माझा बाप माझ्याच दारातून उपाशी गेला. मी त्या ओटीवर मोठ्याने रडले. आईच्या वेळीही इतकी रडले नव्हते.

सुतक फिटल्यावर मी गुरवाला सांगितलं, गाऱ्हाणं घाल. काय घालायचं तेही सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, आता कशाला?" मी म्हटलं, "आताच." देवळात वीसेक माणसं होती. गुरवाने आवाज लावला, आई सातेरी, तुझ्या लेकीने पोटासाठी दारूचा परमिट घेतला, तुका इचारल्याशिवाय तुझा नाव उतरवला, बापाशीपासून लपवला, ता तिका माफ कर. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." कुणी चमकलं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. लोक नेहमीसारखे नारळ फोडून प्रसाद वाटायला लागले. बाहेर आल्यावर गुरव हळूच म्हणाला, "पोरांका ठावक होता गो. मुंबैक इली काय थंयच बसतत. तुझ्या बापाशीक तेवढा कोणी सांगूक नाय. तुझो मान राखलो."

म्हणजे ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ज्याला कळायला हवं होतं तो एकटा बाहेर बसून गेला. त्याला कळलं असतं तर चिडला असता. दोन महिने बोलला नसता. मग एक दिवस फोन करून जेवलात का विचारलं असतं. मी माझ्या बापाला एवढंही ओळखलं नाही.

तीस वर्षं कुणी घर कुठलं विचारलं की माझ्या तोंडात गावाचं नाव यायचं. आता तिकडे ओटीला कुलूप आहे. माझं घर हेच, पडद्यामागचं, नाव नसलेलं. हे कबूल करायला मला बाप गमवावा लागला.

तेव्हा गावातून कुणी येणार असाल तर पत्ता नीट लिहून घ्या. ही जाहिरात नाही, दारूची जाहिरात करायला बंदी आहे. हा फक्त पत्ता आहे. चेंबूरहून मानखुर्दकडे येताना देवनार डेपोच्या अलीकडे उतरा. बसस्टॉपच्या समोर पानाची गादी, तिच्या शेजारी ब्ल्यू वेव्ह अशी पाटी आणि निळा पडदा. तो आमचाच. पानवाल्याला विचारू नका. पडदा बघून परत फिरू नका, पीत नसलात तरी आत या, म्हाताऱ्यांना तर हाताला धरून आणा. भात असतो, बांगडे असतात. दुपारी तीनला मी मागे मोरीत असते. हाक मारा. जोरात मारा, आत मिक्सर चालू असतो.