दोन एजंट, एक विहीर

मला हे सांगायचंच नव्हतं. पण पुतणी म्हणते, "काका, तुम्ही नाही सांगितलं तर बाबा सांगतील, आणि त्यांच्या पद्धतीनं!" म्हणून सांगतो. मधे हसायचं नाही.

निफाडजवळ आमची विहीर एक, द्राक्षबागा दोन. एक माझी, दुसरी धाकट्या भावाची, दत्तूची. दोन्ही मोटरा एकदम लागल्या की विहीर तळाला जाते. म्हणजे विचारून चालवणं आलं. आणि विचारणार कसं? शीतलच्या साखरपुड्यात त्यानं चार पाहुण्यांत मला अडाणी म्हटलं, तेव्हापासून अबोला.

शीतल म्हणजे दत्तूचीच पोरगी, नाशिकला कम्प्युटरच्या नोकरीत. तिनं दोघांच्या फोनात एकेक एआय एजंट बसवला. मोटर तोच लावणार, पलीकडच्या एजंटाला विचारणारही तोच.

मी बैलं हाकलेला माणूस. म्हटलं, "आन् उधळला तर?"

"काका, त्याला जू असतं आणि वेसणही असते. जुवामुळं तो काम ओढतो. वेसण म्हणजे नियम, कुठं थांबायचं त्याचे."

माझ्या एजंटाचं जू दणकट, वेसण नावालाच. दत्तूच्या एजंटाला नियमच नियम, काम ढिम्म! शीतलनं माझ्याकडचं जू, त्याच्याकडची वेसण, असं जोडून दोघांनाही दिलं. "आता शेवटचा एकेक नियम तुमचा तुम्ही सांगा."

मी सांगितला. "दत्तूनं आधी विचारल्याबिगर मोटर लावायची नाय." थोरला आहे मी!

मग चार दिवस लेकीकडे सिन्नरला गेलो. रोज सकाळी फोनवर हिरवी खूण, 'सर्व नियम पाळले'. जावयाला दाखवली. म्हटलं, "बघा, माणसापरीस बरा हाय!"

परत येऊन बघतो तर काय? ऐन मणी फुगायच्या दिवसांत वेलींनी माना टाकलेल्या. दत्तूची बागही तशीच. तो घरीच होता, पण हिरवी खूण बघून बागेकडे फिरकलाच नाही. आता अडाणी कोण, तुम्हीच सांगा!

शीतल धावत आली. दोन्ही फोन बघितले आणि मोटर हातानं लावली.

"काका, बाबांनीही हाच नियम दिलाय. 'त्यानं आधी विचारावं.' दोघं एजंट चार दिवस एकमेकांची वाट बघतायत."

"मंग बिघडले म्हन की!"

"एजंट नाही बिघडले, काका."

वेली वाचल्या. मणी मात्र वाटाण्याएवढेच राहिले, दोन्हीकडचे.

"निदान एकानं तरी तो नियम काढा," पोरगी म्हणाली. काढला का मी? नाही. एजंटच बंद केला. त्यानंही केला. आता रोज सकाळी विहिरीच्या या काठावर मी उभा, त्या काठावर तो, आपापल्या बटणाशी. वाट बघायचं काम आम्ही हातानं करतो.

माफी त्यानं मागायची आहे. दत्तूनं.