मच्छरदाण्यांची यादी

१४ मार्च, सकाळी ०७३०. पूर्व काँगोतलं एक डोंगराळ गाव. हजर: कॅप्टन साहेब, मी (हवालदार, मूळचा उंद्रीचा), नाईक गजानन (डोणगावचा), सहा जवान, स्थानिक दुभाषी जोसेफ. काम: मच्छरदाण्यांचं वाटप. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आम्हाला पाच महिने झाले होते.

वाटपाआधी यादी, ही माझी पद्धत. गावकऱ्यांना रांगेत उभं केलं, टेबल मांडलं, रजिस्टर उघडलं.

"भाऊ, तुम्ही स्वर्गाच्या दारातही रांग लावसान," गजानन म्हणाला.

"लावीन. तू मधात घुसू नको बे."

पहिल्या म्हाताऱ्याला नाव विचारलं. त्यानं माझ्या पेनाकडे पाहिलं, काहीतरी ओरडला आणि पळाला. दहा मिनिटांत गाव रिकामं. सगळे जंगलात. त्याच जंगलात बंडखोरांची टोळी उतरल्याची खबर आदल्या दिवशी आली होती.

"काऊन पळून राह्यले हे?" गजाननने विचारलं.

जोसेफने सांगितलं. बेल्जियन राज्यात गोरा साहेब असंच टेबल मांडायचा. ज्याचं नाव लिहिलं, त्याला रस्त्याच्या कामावर जबरदस्तीने नेत. कुचराई केली तर पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक. त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर व्रण आहेत. राज्य जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, व्रण गेले नाहीत.

"यादी करायच्या आधी तुम्ही मला विचारायला हवं होतं," जोसेफ म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

लोकांना परत आणायला कॅप्टन साहेबांनी दोन तुकड्या पाठवल्या. दोन नंबरची गजाननची. ०८५० ला रेडिओवर त्याचा आवाज आला. "बुजुर्ग मिल गया. ला रहा हूं. ओव्हर."

मग गोळीबार ऐकू आला.

"टू, रिपोर्ट. ओव्हर," मी रेडिओवर विचारलं.

उत्तर त्याच्या जवानाने दिलं. "नाईक साहब को लगी है."

आम्ही पोहोचलो तेव्हा गजानन म्हाताऱ्याला अंगाखाली झाकून पडला होता. म्हाताऱ्याला खरचटलंही नव्हतं. गजानन हेलिकॉप्टर यायच्या आत गेला. दुपारी लोक परतले. मच्छरदाण्या नावं न विचारता वाटल्या. एकही कमी पडली नाही.

निवृत्तीनंतर मी मेहकरला राहतो. दरवर्षी १४ मार्चला तिथून डोणगावला जातो. गजाननच्या फोटोला हार घालतो. त्याचे वडील चहा देतात आणि एकच विचारतात.

"गोळी लागली, ते कागदावर हाय. पण साहेब, माह्या पोराले त्या जंगलात जा लागलंच काऊन?"

"ड्युटी होती, बाबा," मी म्हणतो.

ते ऐंशीच्या पुढे आहेत. खरं उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही.