रहाटावरची वीज

श्रीवर्धनच्या नीराबाईला नवरा मिळाला तो घरजावई म्हणून, आणि घरजावयाने काही करायचं नसतं हे हरेश्वराला कोणी शिकवावं लागलं नाही. सासऱ्याचं घर, सासऱ्याची पोफळींची वाडी, सासऱ्याचा रेडा. हरेश्वराचं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते त्याच्या डोक्यात होतं. ते तिथेच राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं, असं नीराबाईचं मत होतं. पण ते राहत नसे. एकदा त्याने पावाची भट्टी घातली, तर पाव असे निघाले की रेड्याने हुंगून तोंड फिरवलं. मग करवंट्यांची बटणं करायची ठरलं. परसात करवंट्यांचा ढीग पडला, त्यांत पावसाचं पाणी साठून डास झाले आणि बटण एकही झालं नाही. दर वेळी हात झटकून तो म्हणे, "कल्पना चांगली व्हती." या वाक्याची नीराबाईला शिसारी आली होती.

सासरा वारल्यावर त्याला अडवणारं कोणी उरलं नाही. एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास तो मुंबईला गेला आणि रेडिओ घेऊन आगबोटीतून उतरला. आळीत तोवर रेडिओ कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे चार दिवस हरेश्वर जमिनीवर पाय टेकवेना. पण रेडिओ चाले बॅटरीवर. ती संपली की मुंबईला धाडायची, तिथे वीज भरून घ्यायची आणि परत यायची वाट बघायची. म्हणजे बॅटरी सदा आगबोटीत आणि रेडिओ घरात मुका. येणारेजाणारे विचारत, "बोलतो का हो?" नीराबाई आतून म्हणे, "घरात बोलनारं एक हाय तेवढं पुरे हाय."

आणि मग हरेश्वराला कल्पना सुचली. बॅटरी घरीच भरायची! वाडीत विहिरीवर रहाट होताच. रेडा गोल फिरे, लाकडी चक्र फिरे, त्यावरची गाडग्यांची माळ विहिरीतलं पाणी वर आणून पाटात ओती, आणि पाटाने ते झाडांच्या आळ्यांत जाई. त्या चक्राला पट्टा जोडून मोडक्या मोटारीचा डायनॅमो फिरवायचा, की झाली वीज.

"रेडा फिरतोच हाय," तो नीराबाईला म्हणाला. "त्याच्या फिरन्यात वीज हाय, आनि आपन ती फुकट घालवतो!"

नीराबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग रेड्याकडे. दोघांत तिला रेडाच शहाणा वाटला.

तिचा जीव अडकला होता तो दुसरीकडे. आदल्या पावसाळ्यात वादळाने वाडीच्या दर्याकडच्या पोफळी आडव्या केल्या होत्या. त्या जागी तिने स्वतःच्या हाताने पोफळीची रोपं लावली होती, उन्हाला आडोसा म्हणून मधे केळी घातल्या होत्या. पोटी मूल नव्हतं. म्हातारपणी आपल्याला कोण बघणार, तर हीच रोपं, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. नवऱ्यावर तिची कसलीच भिस्त नव्हती. पण चैत्र-वैशाखात चार दिवस शिंपणं चुकलं की रोप हातचं गेलं.

सुतार, लोहार, मोठं चाक, धाकटं चाक असं करत डायनॅमो बसला. एवढासा दिवा लुकलुकला आणि आळी टाळ्या पिटून गेली. त्या टाळ्यांनी हरेश्वराचं होतं नव्हतं तेवढं भान गेलं. अक्षय्य तृतीयेला त्याने सुपारीचे व्यापारी नामाशेट आणि गावातली बडी मंडळी मुंबईचं गाणं ऐकायला बोलावली. बॅटरी तर रिकामी, आणि गाडग्यांच्या ओझ्याने रेडा चाले मंद, त्यामुळे ती भरेना. हरेश्वराने सरळ गाडग्यांची माळ उतरवली. नीराबाई तेव्हा आजारी मामीकडे दिवेआगरला गेली होती, म्हणून तर त्याची छाती झाली.

सणाच्या सकाळी ती परतली ती थेट वाडीत. पाट कोरडा ठणठणीत. रोपांची पानं माना टाकून लोंबत होती. आणि विहिरीवर तिच्या बापाच्या वेळचा गडी धर्मा, पोक काढून, एका बादलीतलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतत होता. दुसरी भरली की तेच पाणी परत पहिलीत.

"धर्मा, ह्ये काय चाललंय?"

"रेड्याला पानी ऐकवतोय, ताय," धर्मा मान खाली घालून म्हणाला. "त्याच्या डोल्यावर झापड. मागं पानी पडल्यालं ऐकलं तरच त्यो चालतो. गाडगी काढली तवा थांबूनच गेला. मंग जावयबापू म्हनले, तू ओतीत बस."

रोपं तहानेने मरत होती आणि त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर पाणी रेड्याच्या कानांसाठी ओतलं जात होतं. नीराबाईच्या तोंडून शिवी बाहेर पडली, आणि ती रेड्याला नव्हती. हरेश्वर खुर्च्या मागायला गावभर हिंडत होता. तिने चक्रावरचा पट्टा खेचून काढला, धर्माला हाताशी धरून माळ परत चढवली आणि आळं न् आळं भरेपर्यंत रेड्यामागून हलली नाही.

संध्याकाळी मंडळी जमली. हरेश्वराने कोट घातला होता. घाईत त्याने रहाटाकडे ढुंकूनही न पाहता विहिरीवरची बॅटरी उचलून आणली. रेडिओ खरखरला, बाईने गाण्याची एक ओळ म्हटली, दुसरी अर्धी म्हटली आणि तिचा गळाच दाबल्यासारखा आवाज बसला. हरेश्वराने बटणं पिळली, पेटीवर थापट्या मारल्या.

"काय हो हरेश्वर," कोकमाच्या सरबताचा घोट घेत नामाशेट म्हणाले, "घर सासऱ्याचं, वाडी सासऱ्याची. वीजपन सासऱ्याचीच का? म्हातारा गेला तशी तीपन गेली!"

मंडळी खदखदून हसली. नीराबाई दाराआड होती. हेच, याहून जहरी, ती स्वतः रोज म्हणत आली होती. पण आपल्या ओटीवर बसून, आपलं सरबत पिऊन, आपल्या माणसाला परक्याने बोलावं? तिने पाहिलं, हरेश्वर हसायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. तिला त्याची कीव आली. ती पुढे झाली.

"सकाली पट्टा मी काढला," ती म्हणाली. "यंतर झ्याक चाललं हुतं. माज्यामुलं बंद पडलं."

हसू थांबलं. नामाशेटनी पेला खाली ठेवला.

माणसं गेल्यावर तिला वाटलं, आता हा एखादा बरा शब्द बोलेल. हरेश्वर कोट काढत होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "म्हंजे कल्पना चांगलीच व्हती."

डायनॅमो त्याने पुन्हा कधी जोडला नाही. "जोडून काय उपेग? बायको काढून टाकील," असं तो सांगे. त्यानंतर कोंबड्या मेल्या, साबण नासला, तरी त्याचं बोलणं फिरून त्या पट्ट्यावर येई. बायको आड आली नसती तर श्रीवर्धनात घरोघरी दिवे लागले असते, हे आळीतल्या पोरांनाही पाठ झालं. पुढे पुढे लोक मान डोलवून नीराबाईकडे बघू लागले, म्हणजे ही ती बाई. तिला बोलता येईना. चार माणसांत तिनेच तर सांगितलं होतं.

रोपं जगली, मोठी झाली, फळाला आली. ओटीवर पाहुणा आला की नीराबाई त्याच पोफळींची सुपारी पानदानात ठेवी. हरेश्वर ती अडकित्त्याने सावकाश कातरी, पाहुण्याच्या हातावर ठेवी आणि पट्ट्याची गोष्ट सुरू करी.