मोतीरामच्या छातीचा कागद

आमच्या शेजारचा मोतीराम मखमलाबादच्या मळ्यात शेवंती पिकवतो आणि अधूनमधून छाती धरून खाली बसतो. शेवंतीचं कौतुक सगळ्यांना, छातीचं कुणालाच नाही. फुलं तोडता तोडता त्याचं काळीज दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखं उधळायचं, पण दवाखान्यात पोचलं की एकदम शहाणं! कार्डिओग्राम सरळ, ठोक्यांत काही दोष नाही. अठ्ठ्याण्णवपासून असे अकरा कागद त्याच्या ट्रंकेत साठले. "तोडणीच्या दिवशीच बरं धडधडतं रे तुझं?" थोरला भाऊ जयराम टोमणा मारायचा. खोटं कशाला बोलू, मीही त्याला 'नाटक कंपनी' म्हणायचो. मोतीरामला एकच पाहिजे होतं: बिघडलेल्या ठोक्यांचा एक कागद, जयरामपुढं टाकायला.

दोन हजार सहा साली शहरातल्या एका दवाखान्यात पुण्याचे डॉक्टर तारांचं जाकीट घेऊन आले. कापाकापी न करता, बाहेरूनच हृदयातल्या विजेचा नकाशा काढायचा आणि उधळलेला ठोका थांबतो कसा ते बघायचं, हा त्यांचा अभ्यास. मी मोतीरामला स्कूटरवरून तीनदा नेलं. तिन्ही वेळा सरळ.

"अवो, दारापोत्तर धडधडत व्हतं!" मोतीराम रडकुंडीला आला.

"दारात काय करता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय करनार? हातपाय धुतो, टाकीत तोंड बुडवतो. चिखलाच्या तोंडानं डॉक्टरपुढं यायचं का?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "गार पाण्यात तोंड बुडवलं की अशी धडधड पुष्कळदा थांबते. आठ वर्षं तुम्हीच थांबवताय, मोतीरामभाऊ!"

चौथ्या खेपेला बायको कुसाबाई पहारा द्यायला सोबत आली. तोंडाला पाणी नाही, धडधड चालू, जाकीट चढलं. डॉक्टरांनी मशीन सुरू केलं आणि तेवढ्यात सिस्टरनं, "शी, केवढा चिखल!" म्हणत गार फडकं त्याच्या तोंडावर दाबलं.

कागदावर चार बोटं वेड्यावाकड्या रेघा, पुढं हातभर सरळ.

"थांबतानाचं मिळालं! हेच तर हवं होतं!" डॉक्टर खूश.

"तुम्हाला हवं व्हतं," मोतीराम पुटपुटला.

घरी जयरामनं कागद लांब धरून पाहिला. "सरळच दिसतंय की."

मोतीराम काही बोलायला गेला आणि छाती धरून मटकन खाली बसला. मी तांब्या घेऊन धावलो.

"पानी नको!" कुसाबाई कडाडली. तिनं जयरामचं मनगट धरून त्याचा पंजा नवऱ्याच्या छातीवर दाबला. "आता वाचा, भाऊजी."

पंजाखाली ठोके उधळत होते; जयरामनं दुसराही हात तिथं टेकवला. मग माझ्यावर खेकसला, "बघत काय बसलास? आण ते पाणी!"