लेकीच्या वाट्याची हळद

बाजारातल्या प्रत्येक पुडीकडे संशयानं बघणं हा माझा धंदा. मी अन्नपदार्थांतली भेसळ आणि विषारी अंश तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. तुझ्याबरोबर हॉटेलात बसणं म्हणजे जेवणाचा पंचनामा, असं नवरा चिडवायचा. पण माहेरून, केनवडजवळच्या आमच्या शेतातून आलेली हळद मी डोळे मिटून वापरायची.

दादा दरवर्षी हळद उकडायचा, वाळवायचा आणि रिसोडला नेऊन पॉलिशच्या ढोलात फिरवून आणायचा. ढोलात हळकुंडं एकमेकांवर घासली की वरची खरखरीत साल जाते आणि माल उजळतो. त्यातली एक पिशवी तो एसटीनं वाशीमला येऊन माझ्या हातात द्यायचा. सोन्यासारखी पिवळी हळकुंडं. शेजारणी विचारायच्या, कुठून आणली हो? मला कोण अभिमान.

त्या वर्षी आम्ही हळदीत शिसं किती आहे ते तपासत होतो. बाजारातल्या नमुन्यांशी तुलना करायला एक निर्भेळ नमुना हवा होता. ‘माझ्या घरची आणते,’ मी सगळ्यांच्या आधी म्हणाले, मोठ्या तोऱ्यात.

सगळ्यात जास्त शिसं त्याच हळदीत निघालं.

मी आधी भांड्यांना दोष दिला, मग यंत्राला, मग नमुना तयार करणाऱ्या मुलीला. तिच्यावर ओरडलेसुद्धा. मग सगळं पुन्हा स्वतःच्या हातानं केलं. आकडा हलला नाही. घरी माझी चार वर्षांची लेक होती आणि तिला मी रोज हळदीचं दूध पाजत होते.

ती उशिरा बोलायला लागली होती. पोट दुखतं म्हणून रडायची, सकाळी शिकवलेलं दुपारी विसरायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, रक्तवाढीचं दिलं. शिशाचं कुणाच्या डोक्यात येणार? माझ्या यायला हवं होतं. मी काय करत होते, तर पोर अशक्त आहे म्हणून दुधात हळद वाढवत होते.

तिच्या रक्तात शिसं सापडलं. डॉक्टर म्हणाले, ही हळद बंद करा, हळूहळू उतरेल. मेंदूचं जे नुकसान झालं असेल ते मात्र भरून येईलच असं सांगता येत नाही.

रविवारी तिला घेऊन मी केनवडची गाडी धरली. रस्ताभर मनातल्या मनात दादाशी भांडत होते. घरात शिरले तेव्हा वहिनी भाजी फोडणीला टाकत होती. तिच्या डब्यातली हळद पाहिली आणि मी थबकले. मातकट, निस्तेज होती.

‘वहिनी, ही कुठली?’

‘घरचीच तं हाये. बिनपॉलिशची. आमी हेच खातो.’

दादा दारात येऊन उभा होता. मी त्याच्याकडे वळले. ‘मंग मले काहून ते पिवळी देत होता?’

तो हसला. ‘तुले असली देऊ काय, बाई? तुह्या सासरच्यायनं नावं ठेवली असती. तुह्यासाठी तं ढोलवाल्याले सांगून जास्तीचा रंग टाकून घेतो मी.’

‘कायचा रंग?’

‘हळदीचीच भुकटी असते म्हने. मस्त उठून दिसते माल.’

आमच्या घरची ही रीतच आहे. पाडाचे आंबे लेकीला, निवडलेली डाळ लेकीला, आणि तुकडा, डागी, उरलंसुरलं घरात. लग्न झाल्यापासून मी त्या रीतीचं सासरी कौतुक सांगत आले होते. आता मला तिचा संताप आला, आणि तो काढायचा कुणावर ते कळेना.

मी दादाला सगळं सांगितलं: ती भुकटी हळदीची नव्हे, शिशाच्या पिवळ्या रंगाची, आणि तेच शिसं माझ्या लेकीच्या रक्तात निघालं. वहिनीनं गॅस बंद केला. दादा उंबऱ्यावर खाली बसला. बाहेर अंगणात त्याची धाकटी माझ्या लेकीला शेळीच्या पिल्लांबद्दल काहीबाही सांगत होती. दोघी एकाच वयाच्या. त्याची पोर एका दमात बोलत होती, हातवारे करत होती. माझी नुसती तिच्या तोंडाकडे बघत होती.

दादाही बघत राहिला.

‘माह्या पोरीले आमी हलकी हळद खाऊ घातली, बाई,’ तो म्हणाला. ‘चांगली सारी तुह्याकडं धाडली.’